तुम्ही विचारलंत म्हणून: मी सॉरी का म्हणत नाही

"एवढी वर्षं इंग्रजी शिकवता आणि साधं सॉरी तुमच्या तोंडून निघत नाही?" स्टाफरूममध्ये ऐकलंय, घरी ऐकलंय, आता मुलंही विचारायला लागली म्हणून एकदाच सांगते. अहंकार नाहीये हो. चुकलं तर "चुकलं माझं" म्हणते, नववीच्या अख्ख्या वर्गासमोर म्हणते.

२०११ ला आई आयसीयूत होती. पहाटे चारला एक तरुण डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर ओढलेला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, "सॉरी" म्हणाले आणि आत गेले. बाबांच्या हातात आईच्या चपलांची पिशवी होती. ती तशीच धरून त्यांनी मला विचारलं, "सॉरी का म्हणाले? काय चुकलं त्यांचं?"

बाबांच्या लेखी सॉरी म्हणजे माफी, बसमध्ये पायावर पाय पडला की म्हणतात ते, आणि माफी तोच मागणार ज्याच्या हातून काहीतरी झालंय. दोन वाक्यं बोलायची होती मला फक्त, की बाबा, इंग्रजीत दुःख झालं तरी हाच शब्द वापरतात. मी म्हणाले, "बाबा, आत्ता नको."

पुढचे आठ महिने ते फाईल घेऊन ओळखीच्या डॉक्टरांकडे फिरत राहिले, सगळे सांगायचे उपचार बरोबर होते, आणि बाबांचं एकच, मग तो पोरगा सॉरी कशाला म्हणाला?

शेवटी त्यांना समोर बसवून वर्गात शिकवते तसं समजावलं. जुन्या इंग्रजीत हा शब्द सारिग होता, त्यातलं सार म्हणजे दुखणं, घसा दुखला की सोअर थ्रोट म्हणतात ना, त्यातलं सोअर तेच. म्हणजे सॉरी म्हणणारा मुळात एवढंच सांगायचा की माझ्या जिवाला लागलंय. सॉरो म्हणजे दुःख, तो खरं तर वेगळ्याच मुळातून आलेला शब्द, दोघांचे उच्चार आणि अर्थ जवळ आले म्हणून सख्खे वाटतात. आणि नुसतं सॉरी म्हणून मोकळं व्हायची पद्धत तर फार नंतरची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मग वाईट वाटलं असं म्हणायचं ना."

मी चिडले. म्हटलं, डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही, त्यांनी शब्द बरोबर वापरला. आजही वर्गात तेच शिकवते, पेपरात त्यालाच मार्क देते. पण ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत काय पोचलं हे बघायला नको? आणि हेही कळतं मला की शब्दाला दोष देतेय, पण त्या पहाटे गप्प तर मीच बसले होते. कळतं, तरी तो शब्द ओठावर आला की ती चपलांची पिशवी दिसते.

बाबा २०१९ ला गेले. फाईल त्यांच्या उशाजवळच्या खणात होती, वर चष्मा पुसायचं फडकं.