तुम्ही विचारलंत म्हणून: या कार्डाला तिकीट का नाही?

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात माझी एक फ्रेम असते. बहुतेक लोक पुढच्या रंगीबेरंगी पक्ष्यांकडे आणि आगगाड्यांकडे जातात, त्यात त्यांची चूक नाही. जे माझ्याकडे थांबतात ते मात्र फ्रेममधल्या एका युद्धकैद्याच्या जुन्या कार्डाकडे बोट दाखवून एकच विचारतात, "काका, याचं तिकीट पडलं का?" गेल्या खेपेला चौथीतल्या एका मुलीने विचारलं, मग तिच्या आईने, संध्याकाळी चहावाल्यानेही. उभ्याउभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून आता बसून लिहितोय.

तिकीट पडलेलं नाही. लावलंच नव्हतं.

आयुष्यभर आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टिंग केलेल्या माणसाला बिनतिकिटाचं पत्र म्हणजे नॉटपेड. घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली, नाहीतर पत्र परत. आमच्या आजीला तिचा भाऊ मुद्दाम नॉटपेड पाठवायचा. पैसे भरले म्हणजे ती वाचणार, अशी त्याची खात्री! त्यामुळे हे कार्ड पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मीही सवयीने दंडाचा शिक्का शोधला. नव्हता. सेन्सॉरचे शिक्के होते, दोन. एक इटलीचा, एक आपल्या बाजूचा.

कार्ड इटलीतल्या अवेझ्झानोच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून साताऱ्याकडच्या एका गावी आलेलं आहे. २१ जून १९४२ रोजी लिबियातलं तोब्रुक पडलं, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन तिथे कैद झाली. हा शिपाई त्यातलाच असावा. पेन्सिलीने चार ओळी आहेत. मी खुशाल आहे, बैल विकू नका, एवढंच त्यातलं तुम्हाला सांगतो. बाकी त्याच्या घरचं आहे.

आता विचार करा. इटली आणि ब्रिटिश हिंदुस्थान एकमेकांशी लढताहेत. सरळ टपाल बंद. पैशाची देवाणघेवाण बंद. तरी इटलीच्या टपालखात्याने हे कार्ड फुकट उचललं, वाटेतल्या तटस्थ देशांनी फुकट पुढे दिलं आणि आपल्या पोस्टमनने फुकट घरात नेऊन टाकलं. कोपरा कोरा आहे तो यामुळे. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७च्या हेग कराराच्या सोळाव्या कलमात हे स्पष्ट आहे: युद्धकैद्यांची पत्रं, मनीऑर्डरी, पार्सलं यांना टपालखर्च नाही, ना निघाल्या देशात, ना पोचल्या देशात, ना मधल्या. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९च्या जिनिव्हा करारानेही ते कायम ठेवलं.

यावर लोक म्हणतात, "म्हणजे माणुसकी होती तेव्हा." मला तसं वाटत नाही. माझ्या मते हे टपालखात्याच्या हिशेबाच्या सवयीतून आलं.

९ ऑक्टोबर १८७४ला बर्नमध्ये बावीस देशांनी टपालाचा करार केला, त्यातूनच पुढे जागतिक टपाल संघ म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. हिंदुस्थान त्यात १८७६ साली गेला. त्याआधी परदेशी पत्राचे पैसे वाटेतल्या प्रत्येक देशात वाटून द्यावे लागत आणि कारकुनांचा जीव जाई. करार झाल्यावर ठरलं की सगळ्यांचा मिळून टपालापुरता एकच मुलूख मानायचा आणि तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले त्यानेच ठेवायचे. मधल्या वाहतुकीचं भाडं राहिलं, पण पत्रागणिक वाटणी गेली. त्यामागचा तर्क मला फार आवडतो: पत्राला उत्तर येतंच. आज तुमचं पत्र आम्ही वाटलं, उद्या उत्तर तुम्ही वाटाल. फिट्टंफाट!

कैद्यांच्या टपालाला हाच तर्क लागू पडला. इटलीत आपले शिपाई होते, तर आपल्याकडे कितीतरी जास्त इटालियन होते. डिसेंबर १९४०पासून इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात धरलेले हजारो सैनिक कांगड्याच्या योलला, भोपाळजवळ, डेहराडूनला आणून ठेवले होते. साताऱ्याचं कार्ड रोममध्ये अडवलं तर नेपल्सच्या आईचं पत्र योलला पोचणार नाही, हे दोन्हीकडच्या साहेबांना कळत होतं. जपानशी असं जमलं नाही. त्यांनी १९२९च्या करारावर सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता. जपानने सिंगापूरला धरलेल्या आपल्या बाजूच्या सैनिकांच्या घरी महिनोन्‌महिने काही येत नसे आणि पुढे त्यांना लिहायच्या पत्राला पंचवीस शब्दांची मर्यादा घातली गेली. पंचवीस शब्दांत काय लिहिणार?

आपल्याकडचे बंदी म्हणजे इटालियनच नव्हेत. पुरंदरच्या किल्ल्यावर आणि साताऱ्यात जर्मन नागरिक नजरकैदेत होते. ते शिपाई नव्हते, मिशनरी, व्यापारी, डॉक्टर. अशा नागरिकांनाही युद्धकैद्यांचे नियम लावायचे असं सरकारांनी आपसात ठरवलं होतं. म्हणजे पुरंदर उतरून खाली जाणाऱ्या थैलीत जर्मनीची पत्रं असायची. ट्रेकला जाणारी मुलं हे ऐकून हसतात.

एका इंजिनियर मुलाने विचारलं, "मग तार का नाही चालली तशी?" चांगला प्रश्न. तारेचं उलटं झालं. ५ ऑगस्ट १९१४ला, म्हणजे इंग्लंडने युद्ध पुकारल्यावर काही तासांतच, 'अलर्ट' नावाच्या ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मन केबल उचलून तोडल्या. समुद्राखालच्या केबलच्या रक्षणासाठी १८८४चा करार होता, पण त्यातच पंधराव्या कलमात लिहिलेलं होतं की लढणाऱ्या देशांचे हात यामुळे बांधले जात नाहीत. मग १९१७च्या जानेवारीत जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोला युद्धात ओढण्याचा गुप्त निरोप चक्क अमेरिकेने सलोख्यापोटी वापरू दिलेल्या तारेवरून धाडला, अमेरिकेच्याच विरुद्ध! तार लंडनवरून जात होती, इंग्रजांनी ती वाचली. असा अनुभव आल्यावर कोण कुणाला तार वापरू देईल?

पत्र बिचारं हळू. ते उघडता येतं, काळ्या शाईने खोडता येतं, तीन आठवडे टेबलावर ठेवता येतं. तोवर त्यातली बातमी शिळी होते आणि खुशाली तेवढी उरते. ज्या गोष्टीसाठी आम्ही जन्मभर शिव्या खाल्ल्या, तिनेच टपाल वाचवलं.

साधं टपाल मात्र युद्धात बंद पडतंच, तेव्हाही आणि आताही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने भारताशी टपाल थांबवलं, काही महिन्यांनी सुरू केलं. मे २०२५मध्ये आपण तिकडून येणारं सगळं टपाल थांबवलं. कैद्यांचा नियम त्याहून वेगळा आहे. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार संख्येवर मर्यादा घालायचीच झाली तरी महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं कैद्याच्या हक्काची, आणि तीही बिनतिकिटाची.

साताऱ्याहून अवेझ्झानोला गेलेलं उत्तर माझ्याकडे नाही. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा बरेच कैदी छावणीतून निसटून डोंगरांत गेले, बरेच जर्मनांनी उचलून नेले. तेव्हा कोण पत्रं बरोबर घेतो? पण योलच्या छावणीतून इटलीला गेलेलं एक कार्ड मला मिळालंय. तेही बिनतिकिटाचं, त्यावरही दोन शिक्के. दोन्ही मी एकाच शीटवर शेजारी शेजारी लावतो. परीक्षक दर वेळी सांगतात, देश वेगळे, विषय वेगळा, गुण कापावे लागतील. कापतात.