ओसाड कुठंय ओ आपला माळ

आपल्या सोलापूरकरांना जंगली प्राणी बघायचे म्हटलं की ताडोबाच आठवतो. मग कित्येक महिने आधी बुकिंग, हजारोंचा खर्च, आणि वाघ नाही दिसला की वर्षभर हळहळ. आणि इथं बार्शी रोडला तासाभरात पोचतो ते नान्नजचं अभयारण्य, तिकडं कुणी फिरकत नाही. का तर म्हणे तिथं काय आहे, नुसता माळ. हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

माळावरचं सगळ्यात भारी कोण असं मला विचाराल तर मी पखुर्डी म्हणेन. पक्षी आहे ओ, साधारण कबुतराएवढा, मातकट रंगाचा, जमिनीवर बसला की ढेकळात ढेकूळ, पायाखालून फर्रकन उडेपर्यंत पत्ता लागत नाही. हिची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालायला लागतात, स्वतःच दाणे टिपतात, पण उडता येत नाही आणि पाणी राहिलं लांब. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मग बाप जातो पाणवठ्यावर, काठाला उतरून पोट पाण्यात बुडवतो आणि अंग हलवत हलवत पिसं चांगली भिजवून घेतो. त्याच्या पोटाच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, ओले झाले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात, ते घेऊन हा गडी उडत पिल्लांपाशी येतो, उभा राहतो, आणि पिल्लं पोटाखाली घुसून पिसं चोखून पाणी पितात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

काळवीट तर काय, दिसतातच. माद्या आणि पोरं बदामी, नर वयात येईल तसा काळा होत जातो, डोळ्याभोवती पांढरं, आणि ती पिळाची शिंगं आयुष्यभर गळत नाहीत. रुबाब करायचा असला की नाक वर करतो, शिंगं मागं पाठीकडं टाकतो आणि माद्यांसमोरून असा काही चालतो की बास. पळायला लागला की ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. एवढं पळायची गरज काय? तर त्याच्यामागं एकेकाळी चित्ता लागायचा. चित्ता १९५२ साली भारतातून संपल्याचं जाहीर झालं, पण ह्याचा वेग काय कमी झाला नाही.

आणि ज्याच्यासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य झालं तो माळढोक पक्षी, तो आता इथं दिसला तर पेपरात बातमी येते. अख्ख्या देशात दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरकडं. नर १५ किलोपर्यंत भरतो, तरी उडतो. मादी उघड्या जमिनीवर साधारण एकच अंडं घालते, ते कुत्र्यानं खाल्लं की त्या खेपेचा विषय संपला. त्यात डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं समोरची विजेची तार लवकर दिसत नाही, आणि एवढं जड धूड ऐनवेळी वळणार तरी कसं.

म्हणून पावसाळ्यात कुणी उत्साहानं माळावर झाडं लावायला निघालं की मला धडकी भरते. शाळेत, रस्त्याकडंला, घरापुढं लावा की खुशाल. माळाला गवत लागतं, मोकळं रान लागतं, काळविटाला लांडगा लांबून दिसला पाहिजे. तिथं गिरीपुष्प लावून सावली केली तर ती कुणासाठी?

जाणार असाल तर उजाडता उजाडता पोचा, भडक कपडे नकोत, दुर्बीण नसेल तर कुणाची तरी मागून न्या. आणि रीलसाठी काळविटांमागं गाडी पळवू नका राव, गाभण माद्या असतात त्यात.