लोलकी काचेचा परावर्तक : बाल्कांवावरच्या दिव्याची आतापर्यंतची प्रगती

गोव्यातील फोंड्याच्या घरातील बाल्कांवासाठी, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीसाठी, जुळवत असलेल्या या दिव्याकडून माझी अपेक्षा अशी आहे की, तेथे बसून वाचणाऱ्याच्या पुस्तकावर भरपूर उजेड पडावा, पण रस्त्याने येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेला, बाहेरून उभे लोलक (काचेच्या त्रिकोणी धारा) असलेला जुना काचेचा परावर्तक आता टांगून झाला आहे.

या काचेला कोणताही मुलामा नाही. आतून ती गुळगुळीत आहे आणि बाहेरच्या प्रत्येक लोलकाच्या दोन बाजू एकमेकींशी ९० अंशांचा कोन करतात. आत शिरलेला किरण पहिल्या बाजूवर साधारण ४५ अंशांनी आदळतो, १.५ अपवर्तनांकाच्या (प्रकाश वाकवण्याच्या मापाच्या) काचेचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरपा किरण काचेतून बाहेर न पडता पूर्ण परततो तो कोन, सुमारे ४१.८ अंश असल्याने तो हवेत निसटत नाही, दुसऱ्या बाजूवरून पुन्हा वळतो आणि आत परततो. लोलकांच्या कडा किंचित गोलसर असल्यामुळे थोडा उजेड वर झिरपतो व कौलांखालचे वासे दिसतात, ते मला आवडते. लोलकांनी प्रकाश वळवण्याची ही कल्पना जुनी आहे: फ्रेंच अभियंता आंद्रे ब्लाँदेल आणि ग्रीक अभियंता स्पिरिदिओन प्सारूदाकी यांनी १८९०च्या दशकात काचेच्या गोलावर आतून उभे आणि बाहेरून आडवे लोलक योजले होते. आतले प्रकाश पसरवीत, बाहेरचे त्याला दिशा देत.

सर्वांत मोठा फरक पडला तो बल्बमुळे. प्लास्टिकच्या दुधी घुमटाचा एलईडी बल्ब उलटा टांगला की त्याचा बहुतेक प्रकाश थेट खाली जातो, परावर्तकाच्या भिंतींपर्यंत फारच थोडा पोहोचतो आणि काच नुसती शोभेची उरते. पारदर्शक काचेतील फिलामेंट पद्धतीचा एलईडी बल्ब लावताच लोलक खऱ्या अर्थाने कामाला लागले, कारण तो चहूबाजूंना प्रकाश देतो. होल्डर वरखाली सरकवण्याची सोय प्रत्येकाने अवश्य ठेवावी, कारण लोलकांचे कोन प्रकाशाचा उगम ठरावीक जागी आहे असे धरूनच काढलेले असतात. ओळंब्याचा दोरा आणि पुठ्ठ्याचा कोनमापक घेऊन, दिव्यापासूनचे अंतर कायम राखून, फोनवरील प्रकाशमापकाने मी दर दहा अंशांवर नोंदी घेतो. सध्याच्या जागी उभ्या रेषेपासून साठ अंशांपलीकडे उजेड झपाट्याने घटतो. मला हवे होते ते नेमके हेच.

गोव्याच्या पावसाळ्याचा विचार येथे वेगळा करावा लागतो. लोलकांवर सपाट, पातळ पाण्याचा थर आला तर फारसे बिघडत नाही, कारण काचेतून निसटलेला किरण पाणी आणि हवा यांच्या समांतर सीमेवरून मागे फिरतो. खाचांत पाणी साचले किंवा थेंब चिकटले, तर मात्र लोलकाचा आकारच बदलतो आणि प्रकाश बाहेर गळतो. तेलकट धूळ तर त्याहून वाईट, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवून बाहेरच्या खाचा धुणे आवश्यक आहे. उजेड गळू नये म्हणून काचेला बाहेरून रंग द्यावा, हा सल्लाही मला याच कारणाने पटत नाही. रंग काचेला थेट चिकटतो आणि आतला प्रकाश शोषून घेतो. संरक्षण हवेच असेल, तर मधे हवेची पोकळी ठेवून पत्र्याचे कवच बसवावे.

आता खालचे झाकण उरले आहे. त्यासाठी बारीक शंकूंची नक्षी असलेला ॲक्रिलिकचा पत्रा आणला असून, गुळगुळीत बाजू बल्बकडे आणि शंकू खाली ठेवून त्याचे मोजमाप याच कोनांवर करणार आहे.