एका पिनीवर किती फॅन?

“सर, एका पिनीवर किती फॅन चालतेत?” उन्हाळा लागला की परभणीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात हा प्रश्न येतोच. परवा फोनवर तुम्हीही तेच विचारलंत. समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून “तीन लावा” म्हणून मोकळा झालो. ते उत्तर अर्धवट होतं. आता सवडीनं सांगतो.

फॅन मोजायचेच नाहीत, अँपिअर मोजायचे. प्रत्येक फॅनच्या मधोमध एक गोल स्टिकर असतो. त्यावर 12 व्होल्टच्या शेजारी 0.18 किंवा 0.35 असा आकडा दिसेल. तो त्या फॅनचा खुराक. मदरबोर्डवरच्या साध्या फॅन हेडरची, म्हणजे तुम्ही जिला पिन म्हणता त्या फॅन जोडायच्या जागेची, मर्यादा बहुतेक वेळा 1 अँपिअर, म्हणजे 12 वॉट. काही बोर्डांवर पाण्याच्या कूलिंगच्या पंपासाठी 2 किंवा 3 अँपिअरचं हेडर वेगळं दिलेलं असतं. ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आता हिशेब करा. 0.18 चे तीन फॅन 0.54 खातात, बिनघोर लावा. 0.35 चे तीन 1.05 वर जातात, हद्द ओलांडली. फॅन दोन्हीकडे तीनच!

तुमचं शेत आहे, म्हणून डीपीचंच, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचंच उदाहरण देतो. रब्बीत एका डीपीवर किती मोटारी चालतात यापेक्षा त्या एकदम सुरू होतात का, याची धास्ती जास्त. रात्री लाईट आली की सगळ्यांचे ऑटोस्टार्टर एका दमात मोटारी उचलतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. मग डीपी जळते आणि गावभर वर्गणी. पीसीचं बटण दाबल्यावर फॅनचंही तसंच होतं: थांबलेलं पातं हलवायला फिरतानापेक्षा जास्त करंट लागतो, आणि सगळे एकाच क्षणी सुटतात. म्हणून 1 अँपिअरच्या हेडरवर मी स्वतः 0.7 च्या पुढे बेरीज जाऊ देत नाही. मागे थोडी जागा राहिलेली बरी.

ही अक्कल फुकट आलेली नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका डीटीपीवाल्याचा पीसी मे महिन्यात सारखा बंद पडायचा. भंगारातून सर्व्हरचे दोन जाडजूड फॅन मिळाले, हवा अशी की टेबलावरचे कागद उडावेत. मी ते एकाची दोन तोंडं करणाऱ्या वाय केबलनं एकाच हेडरला जोडले. प्लग बसला म्हणजे चालतंय, एवढंच तेव्हा कळायचं. दुसऱ्या दिवशी हेडर मेलेलं आणि बोर्डावर करपल्याचा वास. मग स्टिकर वाचला. एकेक फॅन 1.5 अँपिअरचा होता. लग्नसराईच्या पत्रिकांचं काम अडकलेलं, आणि बोर्ड मला माझ्या खिशातून भरून द्यावा लागला.

वाय केबल, म्हणजे स्प्लिटर, मुळात वाईट नाही. फक्त तिच्यानं हेडरची ताकद वाढत नाही. एका हेडरचीच वाटणी होते. चार पिनांत एक ग्राउंड, एक 12 व्होल्ट, एक फॅनचा वेग बोर्डाला कळवणारी आणि एक वेग कमी-जास्त करायचा हुकूम देणारी. चांगल्या स्प्लिटरमध्ये वेगाची पिन एकाच फॅनला असते. तुमच्या केबलच्या एका तोंडाला तीनच पिना दिसल्या तर तुटली समजू नका. दोन फॅन एकदम वेग सांगू लागले तर बोर्डाला काहीबाही आकडा दिसतो. प्रोसेसरचा फॅन मात्र त्याच्या स्वतःच्या हेडरवरच ठेवा, नाहीतर सुरू होतानाच एरर येईल.

चारपाच फॅन लावायचेच असतील तर सरळ फॅन हब, म्हणजे बरेच फॅन एकत्र जोडायचा डबा घ्या, पण साटा केबलनं (हार्ड डिस्कला वीज देते ती) थेट एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमधून वीज घेणारा. बोर्डाकडून त्याला फक्त वेगाचा हुकूम जातो, भार सगळा एसएमपीएसवर. साटाच्या एका कनेक्टरवर 12 व्होल्टला 4.5 अँपिअरपर्यंत मिळतात, म्हणजे साध्या फॅनना भरपूर. बाजारात मोलेक्सचं, म्हणजे जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगचं, साटा करून देणारी, तोंडाशी प्लास्टिक ओतलेली स्वस्त केबल मिळते. ती घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून वितळल्याच्या, पेटल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. आणि तीन पिनांचे फॅन पीडब्ल्यूएम हबवर, म्हणजे चौथ्या पिनेवरून वेगाचा हुकूम देणाऱ्या हबवर लावलेत तर ते कायम फुल स्पीडनं ओरडत राहतील.

लाईटवाल्या फॅनची दुसरी वायर वेगळी. तीन पिनांची ती 5 व्होल्टची, चार पिनांची 12 ची. जबरदस्तीनं बसवलीत तर लाईट जागेवर खलास.

आणखी एक, जे ऐकून लोक नाराज होतात. खोलीत 42 अंश असेल तर कॅबिनेटचे फॅन तीच 42 अंशांची हवा आत आणणार. पाच लावा नाहीतर दहा, त्याच्या खाली पारा जात नाही. त्यावर उपाय म्हणून डेझर्ट कूलरचं तोंड पीसीकडे वळवणारेही बघितलेत. तुषार आत गेले की बोअरच्या पाण्याचा पांढरा थर थेट बोर्डावर. त्यापेक्षा आधी धूळ काढा. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवा, भिंगरीसारखं फिरू देऊ नका.

तुम्ही फॅन घेतलेच असतील तर जोडायच्या आधी स्टिकरचा आणि बोर्डावरच्या मॉडेल नंबरचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका. बेरीज मी करून देतो.