भिडू, जरा मोठ्याने बोल

मेंढीकोट खेळून मोठा झालेला माणूस ब्रिजला बसला की त्याला एक गोष्ट लवकर पचत नाही, ती म्हणजे स्लॅम, तेरापैकी बारा किंवा तेराही हात काढणं. आमच्या भुसावळकडे लग्नघरचं जागरण असो नाहीतर मे महिन्यात कूलरसमोर काढलेली दुपार, कोट करायचा तो गुपचूप, आधी कोणाला सांगत बसायचं नसतं. ब्रिजमध्ये तसं चालत नाही. चार बदाम बोलून (म्हणजे बदाम हुकूम, सहाच्या वर चार असे दहा हात काढतो म्हणून) बारा हात काढले तर ४८०, सहा बदाम बोलून तेच बारा हात काढले तर ९८०, तेही नॉन-व्हल्नरेबल, म्हणजे बोनस कमी मिळतो अशा स्थितीत असताना. पत्ते तेच, हात तेच, आधी तोंड उघडलं म्हणून पाचशे जास्त. ही करामत हॅरॉल्ड व्हँडरबिल्टची, १९२५ साली जहाजावर बसून त्याने नवीन गुणपद्धत बसवली, आणि तेव्हापासून न बोलता केलेल्या स्लॅमला बोनस नाही म्हणजे नाही.

आता लोक कौतुक करतात ते ओपनिंग करणाऱ्याचं, म्हणजे पहिली बोली लावणाऱ्याचं, केवढे पत्ते आले होते बघा म्हणून. मला विचाराल तर स्लॅम घडवतो तो समोरचा भिडू, त्याला उत्तर देणारा. त्याने पहिल्याच उत्तरात ताकद सांगितली तर पुढचं सगळं निवांत बोलता येतं, आणि तोच मिठाची गुळणी धरून बसला तर गेमवर (चार बदामासारख्या बोलीवर) गाडी थांबते ती थांबतेच.

परवाचाच डाव घ्या. माझ्याकडे इस्पिकची एकटी सत्ती, बदाम एक्का-राणी-गुलाम धरून पाच, चौकट राजा-राणी धरून चार, किलवर एक्का धरून तीन. सोळा पॉइंट (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक). मी एक बदाम म्हटलं. समोर आप्पा, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांच्याकडे चौदा पॉइंट आणि चार बदाम. सरळ चार बदाम म्हणून मोकळं होणारे खूप असतात पण आप्पा दोन नो-ट्रम्प (एरवी बिनहुकमाची बोली) म्हणाले. हे जेकबी, ठरलेली सांकेतिक बोली, म्हणजे बदामाला चार पत्त्यांचा सपोर्ट आहे, गेमच्या खाली कोणी पास करायचं नाही, आता तुझं सांग. मी तीन इस्पिक, म्हणजे तिथे माझ्याकडे एकच पत्ता किंवा तोही नाही. इथेच सगळी मजा आहे, कारण आप्पांकडे इस्पिकमध्ये नुसता एक्का, खाली तीन फालतू पत्ते. तिथे राजा-राणी असते तर ते पाच पॉइंट माझ्या एकट्या सत्तीसमोर वाया गेले असते आणि आप्पांनी चार बदामवर दुकान बंद केलं असतं. वायाच काही गेलं नाही म्हटल्यावर त्यांनी चार नो-ट्रम्प विचारलं, ती इझली ब्लॅकवुडची एक्के विचारायची जुनी रीत, मी पाच बदाम म्हणून दोन एक्के दाखवले, दोन त्यांच्याकडे होतेच. सहा बदाम. दोघांचे मिळून तीस पॉइंट, आणि पुस्तकं नो-ट्रम्प स्लॅमला तेहतीस मागतात!

यातली उलटी गंमत नवीन लोकांना फार उशिरा कळते. जेकबी आल्यावर ओपनर उडी मारून चार बदाम म्हणाला तर समजायचं याच्याकडे जेमतेम आहे आणि याला घरी जायचंय. ज्याच्याकडे माल आहे तो तीनवर रेंगाळतो कारण गेमची खात्री आधीच झालेली असते, जागा वाचवून बोलायचं असतं. आपल्याला सवय उलटी, जोरात बोलला तो दमदार.

दोन किलवरच्या, म्हणजे फार दमदार पत्त्यांच्या ओपनिंगलाही तेच. दोन चौकट हे नुसतं थांबून ऐकणारं उत्तर, पण हातात आठएक पॉइंट आणि चांगला पाच पत्त्यांचा रंग असताना ते कशाला? सांग ना बाबा रंग!

तर तो डाव. विरोधकांकडचे चार बदाम दोन-दोन पडले, आप्पांच्या उरलेल्या दोन हुकमांवर एक किलवर आणि एक चौकट मारली आणि तेरा हात झाले. लगेच शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काय भो, सात का नाही बोलले?"

आप्पा पत्ते पिसत होते. म्हणाले, "दोन-दोन शंभरात चाळीस वेळा पडतात भो. उरलेल्या साठ वेळा तू देशील का पैसे?"