अडीचची कूस

सोमवार, पहाटे

आज पुन्हा अडीचलाच जाग आली. भिंतीवरचं घड्याळ मागच्या आठवड्यात काढून ठेवलंय, मोबाईल बाहेरच्या खोलीत असतो, तरी किती वाजले ते कळतं. ओगलेवाडीकडून रेल्वेचा भोंगा ऐकू आला. मग उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. गळिताचा हंगाम सुरू आहे, दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर चालू असतात. पण मला जाग त्या आवाजानं येत नाही. आवाज नंतर येतात. आधी डोळे उघडतात आणि हात पलंगाच्या डाव्या बाजूला जातो.

डाव्या बाजूला आईंची कॉट होती. सासूबाईंना अर्धांगवायू झाला त्यानंतर एकोणीस महिने त्या त्या कॉटवर होत्या. एअर बेड घेतला होता. त्याच्या नळ्या आलटून पालटून फुगायच्या आणि पायाशी लावलेला पंप रात्रभर बारीक घुमायचा. तरीही दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचांना, खुब्याला जखमा होतात. साडेदहा, साडेबारा, अडीच, साडेचार. चादरीला धरून ओढायचं, पाठीला उशी लावायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक मऊ घडी ठेवायची, टाचा अधांतरी राहतील असं बघायचं. शेवटी बोटांच्या उलट्या बाजूनं पाठ चाचपायची, कुठे गरम लागतेय का ते. एवढं होईपर्यंत आई डोळे मिटूनच म्हणायच्या, "झोप गं आता."

त्या जाऊन आठ महिने झाले. कॉट हलवली, गादी गच्चीवरच्या खोलीत गुंडाळून ठेवली. शरीराला मात्र कुणी सांगितलेलं नाही की ड्युटी संपली.

आणि जाग आली की डोकं चालू होतं. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत. वीजबिल भरलं का? लेकीनं फोनवर "बरी आहे" म्हटलं ते वेगळ्याच सुरात म्हटलं. शाळेच्या पोषण आहाराची नोंद अपुरी आहे. दिवसा हे सगळं आपापल्या जागी असतं. रात्री सगळं एकाच उंचीचं होतं. मुलीची काळजी आणि वीजबिल, दोन्ही छातीवर सारखीच बसतात. त्यात पाळी जाण्याचे दिवस. अंगातून एकदम वाफ निघाल्यासारखं होतं, पांघरूण फेकावं, तर पाच मिनिटांत थंडी.

डॉक्टरांकडे गेले होते. झोपेची गोळी मागायलाच गेले होते, खरं सांगायचं तर. त्यांनी आधी अर्धा तास ऐकून घेतलं. मग म्हणाले, रात्री जाग सगळ्यांनाच येते. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. गाढ झोप बहुतेक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच होऊन जाते, उत्तररात्री स्वप्नांची, पातळ झोप वाढते. एक फेरी संपून दुसरी सुरू होताना माणूस क्षणभर जागा होतो, कूस बदलतो, पुन्हा झोपतो आणि सकाळी त्याला आठवतही नाही. "तुम्ही मात्र त्या क्षणी उठून उभं राहायला शिकलात," असं म्हणाले. चुकीचं नव्हतं ते शिकणं. कुणासाठी तरी शिकले होते. म्हणून त्याचा राग येत नाही मला.

आठवड्यातून तीन रात्री, सलग तीन महिने असं चाललं तर ते अंगावर काढायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी आठ काढले.

चहाचं विचारलं. शाळेतून आल्यावर सहाला मोठा कप आणि साडेआठला यांच्याबरोबर अर्धा. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात म्हणे. म्हणजे सहाच्या कपातलं निम्मं अकरालाही रक्तात असतं. दिवसभर मेंदूत पेंग आणणारं ॲडेनोसिन साठत जातं आणि कॅफीन त्याचीच वाट अडवतं. चार दिवस झाले, दुपारनंतर चहा नाही. डोकं धरलं होतं दोन दिवस, आता बरं आहे.

दुसरा नियम कठीण आहे. तो रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली मांडला होता. अंथरूण झोपण्यासाठीच. झोप लागत नसेल तर तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि डोळे जड झाले की मगच परत यायचं. पुन्हा नाही लागली तर पुन्हा उठायचं. सकाळची उठायची वेळ मात्र हलवायची नाही, रात्र कशीही गेली तरी. तासन् तास जागं पडून राहिलं की मेंदू अंथरुणाचा आणि जागरणाचा संबंध जोडून टाकतो. माझ्या बाबतीत तो संबंध एकोणीस महिने रोज चार वेळा जोडला गेलाय. तो सुटायलाही वेळ लागणारच.

म्हणून आत्ता स्वयंपाकघरात बसलेय. शाल, छोटा दिवा, ही वही.

गुरुवार

दोनदा जाग. पेपर झाले तपासून.

रविवार, रात्री दहा

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढायला लागलेय. बेलर विद्यापीठातला २०१८चा एक प्रयोग वाचला होता. सत्तावन्न तरुण माणसं, निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी राहिलेली. राहिलेली लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले आणि जितकं बारीक लिहिलं तितकी झोप लवकर. मला वाटलं होतं उलट होईल, कामं बघून धडधड वाढेल. तसं होत नाही. कागदावर आलं की काम आपल्या मापाचं होतं. "वीजबिल, सकाळी शाळेत जाण्याआधी." संपलं.

यादी लिहून झाली आज आणि पेन खाली ठेवता येईना. यादीत न बसणारं एक राहिलं होतं. ते लिहिलं.

त्या रात्री माझ्या हातून अडीचची कूस राहिली.

साडेबाराला बदलली होती. अडीचचा गजर वाजला की नाही, मला आठवत नाही. मला एकदम पावणेपाचला जाग आली आणि हात लावला तेव्हा आई गार झाल्या होत्या. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, झोपेत हृदय थांबलं, कुशीचा काही संबंध नाही. मी मान हलवली होती. दहाव्याला, तेराव्याला लोक म्हणाले, सून असावी तर अशी, आणि मी ताटं वाढत राहिले. हे वाक्य आठ महिन्यांत कुणाला बोलले नव्हते. लिहिल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. एवढंसंच होतं, एका ओळीचं.

बुधवार

काल रात्री पुन्हा जाग आली. उठून स्वयंपाकघरात आले, तर पाठोपाठ हेही आले. यांची साडेपाचला डेपोत ड्युटी, म्हणून मी त्यांना रात्री कधी उठवलंच नाही, आई असतानाही नाही. मी म्हटलं, "तुमची झोपमोड केली." ते म्हणाले, "मी जागाच असतो या वेळेला. तू उठू नयेस म्हणून हलत नव्हतो."

आठ महिने एकाच पलंगावर दोघं जागे, एकमेकांच्या झोपेसाठी श्वास सांभाळत.

दूध गरम केलं. वही पुढे सरकवली, ती ओळ त्यांनी वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साडेबाराची तरी मी करायला हवी होती." बाहेर थ्री-फेजची लाईट आली असावी, शेजारचे काका बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघाले. ते गेले त्या दिशेला आम्ही दोघं खिडकीतून बघत होतो. नंतर कधी झोप लागली ते मला सांगता येणार नाही, पण सकाळी सहाचा गजर ऐकून उठले.

आज शाळेतल्या एका बाईंना एअर बेड दिला. त्यांचे वडील पडून आहेत. गादी धुऊन दोन दिवस उन्हात ठेवली होती, पंप लावून दाखवला. तोच घुमणारा आवाज आला आणि पोटात कालवलं. उशा कुठे लावायच्या ते सांगितलं, टाचांचं सांगितलं. मग पाठकोरा कागद मागून घेतला आणि त्यावर वेळा लिहिल्या: साडेदहा, साडेबारा, अडीच, साडेचार. प्रत्येक वेळेसमोर त्यांच्या घरातल्या एकाचं नाव लिहायला लावलं. अडीचसमोर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. साडेचारसमोरही लिहायला लागल्या तेव्हा मी पेन काढून घेतलं आणि त्यांच्या भावाच्या हातात दिलं.