बंदराच्या तोंडावर

मुंबई बंदराच्या सुरुवातीच्या कारभारावर एका प्रदर्शनाचे फलक लिहायचं काम माझ्याकडे होतं. 1668 साली वर्षाला दहा पौंड भाड्याने बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं, तिथला गव्हर्नर जेराल्ड आंजियरने व्यापारी आणून वसवले, इथपर्यंत भराभर लिहून झालं. गाडी अडली ती खांदेरी बेटापाशी.

1679 च्या ऑगस्टात शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने खांदेरीवर तट बांधायला घेतला. बंदरात शिरायच्या वाटेवरच मराठे बसले म्हटल्यावर इंग्रजांनी सप्टेंबरात नाकेबंदी केली. जहाजं पुरेनात म्हणून शिबाडं, म्हणजे मालवाहू शिडाची गलबतं, भाड्याने घेतली. तरीही रात्रीच्या रात्री रसद बेटावर पोचतच राहिली. कशी? ‘मराठ्यांच्या चपळाईमुळे’ असं लिहून मी मोकळी झाले होते.

फोटोंसाठी आम्ही थळहून होडीने निघालो. वाटेत होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांना मी हा प्रश्न विचारला. ते काही बोलले नाहीत, त्यांनी इंजिनच बंद केलं. फोटोग्राफर आधीच पिवळा पडला होता, त्याने कठडा घट्ट धरला.

“आता बघा ताई.”

वारा पूर्ण पडला होता, पाणी तेलासारखं. होडी नाक वळवून आडवी झाली आणि ओहोटीबरोबर कुशीवर सरकायला लागली. पाचच मिनिटांत समोरचं दीपगृह उजव्या हाताला गेलं.

“शिडाच्या जहाजाचं असं होतं. मग तोफा असून काय करायच्या? वल्ह्याची होडी खडकाच्या कडेने, उथळातून निघून जाते. मोठं जहाज तिथे आलं तर तळ लागेल.”

मुंबईहून सुरतेला गेलेल्या इंग्रजांच्या पत्रांत हीच रड आहे. मी ती चार वेळा वाचली होती, पण वाचताना खुर्ची हलत नव्हती. 18 ऑक्टोबरच्या लढाईत ‘रिव्हेंज’ या इंग्रजी जहाजाने दौलतखानाचं मराठी आरमार मागे रेटलं, तरी बेट काही सुटलं नाही. 1680 च्या जानेवारीत तह झाला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

परतताना प्रदर्शनाच्या साहेबांचा फोन आला. मसुद्यात मी ‘मचवे, तरांडी, पगार’ अशी होड्यांची यादी दिली होती. “यात पगार कुठून घुसला? खोडा तो.” पगार ही त्या काळची लहान होडी, हे मी दोनदा सांगितलं. त्यांना पटलं नाही. शेवटी काकांना विचारलं, “पगार नावाची होडी ऐकलीय का हो कधी?”

काकांनी इंजिन चालू केलं. “पगार तुम्हाला असतो ताई. आम्हाला कुठला?”